सहा तास आणि सासऱ्यांची किल्ली

माझे सासरे उभ्या मोटारसायकलवरून पडले. चालत्या नव्हे, उभ्या. गाडी औषधांच्या दुकानासमोर स्टँडवर लावलेली, इंजिन बंद, आणि सासरे तिच्यावर आरामात बसून खोकल्याच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होते. वाचता वाचता ते डावीकडे कलले, गाडीही कलली, आणि दोघंही आडवे झाले. बाटली शाबूत राहिली. मनगटाला मात्र प्लॅस्टर लागलं.

सासरे एकोणसत्तर वर्षांचे आहेत. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच राहतात, मागच्या खोलीत. चौतीस वर्षं ते पाण्याच्या मीटरचे निरीक्षक होते आणि चौतीस वर्षं याच गाडीवरून गल्लोगल्ली हिंडले. निवृत्त झाल्यावर मीटर सुटले, गाडी सुटली नाही. रोज सकाळी ती पुसायची, किक मारायची आणि कुठेतरी जाऊन यायचं. कुठे ते विचारलं की "इथेच" म्हणतात. एकदा ते 'इथेच' जाऊन आले तेव्हा मीटरवर बेचाळीस किलोमीटर वाढलेले होते.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी माझी बायको हात पुढे करून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, किल्ली द्या."

"का? मी चालवताना पडलो का?"

"नाही."

"मग चालवणं कशाला बंद करायचं? फार तर उभं राहणं बंद करतो."

बायको तिसरीच्या वर्गाला शिकवते, त्यामुळे असल्या उत्तरांची तिला सवय आहे. ती रागावली नाही. ती म्हणाली, "मला शाळेत फोन आला होता, बाबा. समोरचा माणूस नुसतं 'तुमचे वडील गाडीवरून पडले' एवढंच म्हणाला आणि फोन कट झाला. तिथून दवाखान्यात पोचेपर्यंतची पंधरा मिनिटं मला पुन्हा नकोत."

यावर सासऱ्यांनी प्लॅस्टर निघालेलं मनगट चोळलं. मग म्हणाले, "आणि मला कुठेही सोडायला कुणीतरी लागेल, असं जगणं नको." दोघांचंही मला पटलं. माझं हे नेहमीचंच दुखणं आहे. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात असतो. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा; कागदात काय लिहिलंय याच्याशी आमचा संबंध नसतो.

महिनाभर घरात किल्लीशिवाय दुसरा विषय नव्हता. आणि एका रविवारी सासऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर एक छापील पत्रक ठेवलं. गावाबाहेरच्या जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर मोटारसायकलींची सहा तासांची शर्यत. हौशी गट, जुन्या गाड्या, एका टीममध्ये तिघं, तिघांनी मिळून एकच गाडी आळीपाळीने चालवायची. ज्या टीमच्या पंचाहत्तर फेऱ्या होतील तिच्या नावापुढे 'पूर्ण' असा शेरा मिळणार.

"आमच्या नावापुढे 'पूर्ण' लागलं तर किल्लीचा विषय कायमचा बंद," सासरे म्हणाले. "नाही लागलं, तर मी स्वतः तुझ्या हातावर किल्ली ठेवीन. पुन्हा मागणार नाही."

"आमच्या म्हणजे कुणाच्या?" बायकोने विचारलं.

"मी, वरचे डॉक्टर, आणि..." एवढं बोलून सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोळी वाढून घेत होतो. माणसाने कधी पोळी वाढून घ्यावी यालाही काही मुहूर्त असतो.

वरचे डॉक्टर म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारे दंतवैद्य. अत्यंत उत्साही माणूस. कुठलीही गोष्ट सुरू करण्यापूर्वी "थोडं लागेल हं" असं म्हणायची त्यांना धंद्यामुळे सवय लागली आहे. इमारतीच्या सभेत आभार मानायला उठले तेव्हासुद्धा ते आधी असंच म्हणाले होते.

"बाबा, यांना गाडी येत नाही," बायको म्हणाली.

"येत नाही काय? मी अठरा वर्षं स्कूटर चालवतोय!" मी म्हणालो. वास्तविक नाही म्हणायची ती सोन्यासारखी संधी होती. पण अपमान सहन न होणं हा माझा दोष आहे आणि त्याने मला आजवर कुठे कुठे नेलंय ते सांगत बसलो तर शर्यत राहूनच जाईल.

नाव नोंदवायला मीच गेलो. खिडकीपलीकडे बसलेला माणूस माझ्याच पठडीतला निघाला. त्याने गाडीचे कागद पाहिले, गाडीचा फोटो पाहिला, पुन्हा कागद पाहिले.

"कागदावर गाडी राखाडी आहे. फोटोत हिरवी."

"मधे रंग दिला."

"तसं लेखी द्या."

मी तिथल्या तिथे लिहून दिलं की, सदर हिरवी गाडी पूर्वी राखाडी होती व ती तीच आहे. त्याने ते दोनदा वाचलं, 'व' च्या जागी 'आणि' करायला लावलं, आणि शिक्का मारला. मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटला.

पासष्टच्या पुढच्या स्पर्धकाला प्रकृतीचा दाखला हवा होता. दंतवैद्य म्हणाले, "मी देतो की! पण मला फक्त जबड्यापर्यंतचं लिहिता येईल." शेवटी आम्ही कोपऱ्यावरच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सासऱ्यांना एका पायावर उभं राहायला सांगितलं. सासरे राहिले. दीड मिनिट झालं तरी राहिलेलेच. डॉक्टरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी स्वतःही एक पाय उचलून पाहिला आणि लगेच टेबल धरलं. दाखल्यावर त्यांनी लिहिलं, 'प्रकृती उत्तम. उभ्या वाहनापासून जपावे.'

राहिला माझा सराव. तो इमारतीच्या आवारात, रोज संध्याकाळी सहा ते सात. इमारतीत चोवीस बिऱ्हाडं आहेत, आणि त्यांपैकी तेवीस जणांना मोटारसायकलीतलं सगळं कळतं हे मला तेव्हा समजलं. पहिल्या मजल्यावरून कुणी ओरडे, "क्लच सोडा!" तिसऱ्या मजल्यावरून कुणी ओरडे, "सोडू नका!" दुसऱ्या मजल्यावर एक आजी गॅलरीत बसलेल्या असत. त्यांच्यासमोरून मी गेलो की प्रत्येक फेरीला त्या काळजीने विचारत, "अजून पोचला नाहीत का हो?" इमारतीच्या सेक्रेटरींनी आवाजाबद्दल मला एक नोटीस दिली आणि ती देता देताच पावसाबद्दल सल्लाही दिला.

"सहा तास म्हणजे ऊन, वारा, पाऊस, सगळं येणार. हवामान हल्ली भरवशाचं राहिलेलं नाही. तुमच्याकडे रेनकोट कुठला आहे?"

मी दाखवला.

"हा भाजी आणायचा रेनकोट आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी आपल्या थोरल्या भावाचा रेनकोट आणून दिला. थोरले बंधू चांगलेच थोरले असावेत. तो रेनकोट माझ्या घोट्यापर्यंत यायचा आणि बाह्या पंजाच्या पुढे वीतभर लोंबायच्या. पण माणूस प्रेमाने देतो तेव्हा नाही म्हणवत नाही.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"उद्या शर्यत पूर्ण व्हायला नको," ती हळू आवाजात म्हणाली.

"म्हणजे मी मुद्दाम..."

"मुद्दाम काही करू नका. तुमच्या हातून आपोआप जे होईल तेवढंच होऊ द्या. तेवढं पुरेसं आहे."

एकोणीस वर्षांच्या संसारात माझ्यावर याहून मोठा विश्वास कुणी टाकला नव्हता. मी रागाने बाहेर आलो, तर गॅलरीत सासरे उभे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, तुमच्यामुळे निभावतंय बघा. तुमचे उपकार विसरणार नाही." आता काय करावं माणसाने? मी ठरवलं, आपण तटस्थ राहायचं. गाडी जशी जाईल तशी जाऊ द्यायची, नोंद करायची आणि पुढे पाठवायची.

तरी तयारी म्हणून मी एक यादी केली. गाडी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना काय काय तपासायचं त्याचे अकरा मुद्दे. पेट्रोल, चेन, आरसा, चष्म्याची काच, हेल्मेटचा पट्टा वगैरे. प्रत्येकापुढे खूण करायला चौकोन. पावसाने भिजू नये म्हणून ती प्लॅस्टिकमध्ये घालून घेतली. दंतवैद्य म्हणाले, "वा! आमच्या दवाखान्यात तुमच्यासारखा माणूस पाहिजे." माझं मन थोडं भरून आलं.

शर्यतीच्या सकाळी इतकं लख्ख ऊन होतं की सेक्रेटरींचा रेनकोट घेऊन जायची मला लाज वाटली. धावपट्टीवर तंबू ठोकलेले, तीस-बत्तीस गाड्या रांगेत लागलेल्या, आणि सगळ्यांवर एक मुख्य पंच. उंच, शांत माणूस, गळ्यात शिट्टी. त्यांनी प्रत्येक टीमला एक दंडपट्टी दिली. दंडावर बांधायची आणि त्यात एक लहानसा दिवा. ही पट्टी बांधलेला स्वार रेषेवरून गेला की तंबूतल्या यंत्रात फेरी आपोआप मोजली जायची.

"गाडी नाही मोजली जात, पट्टी मोजली जाते," पंचांनी बजावलं. "स्वार बदलला की पट्टी बदला. हे विसरू नका."

आम्ही तिघांनीही मान हलवली. माझी मान सगळ्यांत जोरात हलली.

नऊ वाजता शिट्टी झाली आणि दंतवैद्य "थोडं लागेल हं!" असं गाडीलाच म्हणून सुटले. तासाभरात त्यांनी पंधरा फेऱ्या मारल्या. ते आले, त्यांनी उतरल्या उतरल्या पट्टी स्वतःच सोडून माझ्या दंडाला बांधली, मी माझ्या यादीवर अकरा खुणा केल्या आणि निघालो.

बायको येणार नव्हती. "मला बघवणार नाही," असं तिने चार वेळा सांगितलं होतं. पण पहिल्याच वळणावर कुंपणाशी ती उभी दिसली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात औषधांची पेटी. दंतवैद्यांच्या कारमधून ती आमच्या आधीच पोचली होती, असं नंतर कळलं. तिला बघून मी हात हलवायला गेलो आणि थेट गवतात गेलो. परत रस्त्यावर येईपर्यंत तीन गाड्या पुढे गेल्या, त्यांपैकी एकीवर माझ्या दुप्पट वयाचा वाटावा असा गृहस्थ होता. पुढे वारा सुटला. मग आभाळ भरून आलं, आणि काही कळायच्या आत गारा! हेल्मेटवर तो आवाज असा की आत बसलेल्या माणसाला आपण कुणाच्या तरी लग्नाच्या ताशात अडकलोय असं वाटावं. पाच मिनिटांत गारा थांबल्या आणि पुन्हा ऊन. माझ्या अकरा फेऱ्या झाल्या. कमी होत्या, पण माझ्या होत्या.

मग सासरे. उन्हातच मी पट्टी सोडून त्यांना बांधली, यादीवर खुणा केल्या, त्यांनी किक मारली.

मी त्यांना इतक्या वर्षांत गाडी चालवताना कधी नीट बघितलंच नव्हतं. घरात सासरे उठताना गुडघ्यावर हात ठेवतात, जिन्यात मधे थांबतात, चष्मा शोधतात. गाडीवर बसल्यावर यांतलं काहीही नव्हतं. पाठ ताठ, कोपरं सैल, वळणावर गाडी नुसती अंगाने झुकवायची आणि सोडायची. कुणाच्या पुढे जायची घाई नाही, कुणी पुढे गेला तर राग नाही. तासाभरात पंधरा फेऱ्या, दंतवैद्यांइतक्याच. उतरले तेव्हा चेहऱ्यावर असं हसू होतं की माझी तटस्थता तिथेच संपली. ही शर्यत पूर्ण झालीच पाहिजे असं मला अगदी पोटातून वाटलं. बायकोला काय सांगायचं ते पुढचं पुढे.

बाराला दंतवैद्य पुन्हा निघाले आणि आणखी पंधरा फेऱ्या मारून आले. एकूण छप्पन्न. एकला माझी पाळी, आणि मी गाडीवर बसतो न बसतो तोच पाऊस सुरू झाला. थोडाथोडका नाही, आडवा. दंतवैद्यांनी माझ्या दंडाला पट्टी बांधली आणि सेक्रेटरींच्या भावाचा रेनकोट वरून चढवला. त्या रेनकोटात माझ्याशिवाय वाराही बसला. सरळ रस्त्यावर तो पाठीमागे फुगायचा आणि मला गाडीवरून उचलायला बघायचा. बायकोच्या वळणावर पोचलो की प्रत्येक वेळी ती छत्रीच्या आतून ओरडायची, "सावकाश!" यापेक्षा सावकाश गेलो असतो तर मी मागे गेलो असतो. तरीही दहा फेऱ्या झाल्या. सहासष्ट! आता फक्त नऊ राहिल्या होत्या आणि हातात सासऱ्यांचा पूर्ण तास होता.

दोनच्या ठोक्याला मी तंबूपाशी आलो. सासरे रेनकोट घालून तयारच होते. मी थंडीने कुडकुडत होतो, पण यादी सोडली नाही. पेट्रोल, खूण. चेन, खूण. चष्म्याची काच स्वतःच्या रुमालाने पुसून दिली, खूण. अकराच्या अकरा! "जावईबापू, एक नंबर!" म्हणाले आणि सासरे पावसात दिसेनासे झाले.

तो तास मी जन्मात विसरणार नाही. पाऊस थांबायचा, ऊन पडायचं, ओल्या रस्त्यावरून वाफ निघायची आणि पुन्हा पाऊस. कितीतरी गाड्या तंबूत येऊन उभ्या राहिल्या. दोघंजण घसरले, लागलं कुणालाच नाही. फेऱ्यांचा आकडा दाखवणाऱ्या पडद्यावर पंचांच्या माणसांनी ताडपत्री घातली होती, त्यामुळे कुणाच्या किती झाल्या ते कुणालाच दिसत नव्हतं. पण सासरे येत होते. चार मिनिटांनी, साडेचार मिनिटांनी, पण येत होते. मधे मी पलीकडच्या तंबूतून तिघांसाठी चहा घेऊन आलो. दंतवैद्य नाचत होते. मीही नाचलो असतो, पण रेनकोट पायात येत होता.

तीनला शिट्टी झाली. सासरे शेवटची फेरी मारून आले, गाडी बंद केली, स्टँडवर लावली आणि लगेच तिच्यावरून खाली उतरले.

"झाल्या असतील ना?" त्यांनी विचारलं.

"झाल्या म्हणजे काय! नऊ हव्या होत्या, तुम्ही डझनभर तरी मारल्या असतील," मी म्हणालो.

पंचांच्या माणसाने ताडपत्री काढली. आमच्या नावापुढे आकडा होता सदुसष्ट.

आम्ही तिघंही आकड्याकडे बघत राहिलो. पंच शांतपणे जवळ आले. म्हणाले, "तुमची गाडी दोननंतर बंद पडली का?"

"बंद? ही आत्ता चालत आली!"

"मग पट्टी कुणाच्या हातावर आहे?"

सासऱ्यांनी आपला डावा दंड पाहिला. दंतवैद्यांनी आपला पाहिला. मी रेनकोटाची बाही वर केली, ती पुन्हा खाली आली, पुन्हा वर केली. दंडावर पट्टी होती आणि तिचा हिरवा दिवा मोठ्या इमानाने उघडझाप करत होता. यादी मी आठवडाभर आधी केली होती. पट्टी त्या सकाळी मिळाली. माझ्या अकरा मुद्द्यांत पट्टी नव्हतीच. आधी दोनदा दंतवैद्यांनी आठवणीने बांधली, एकदा उघड्या दंडावर मला ती स्वतःला दिसली. या वेळी ती सेक्रेटरींच्या भावाच्या पोटात होती.

"पण मग सहासष्टऐवजी सदुसष्ट कसे?" दंतवैद्यांनी विचारलं. असल्या वेळीही त्यांचं कुतूहल शाबूत होतं.

पंचांनी यंत्राचा कागद पाहिला. "ती रेषा तंबूंमागच्या वाटेपर्यंत आहे, आणि एकाच दिशेने मोजते. दोन एकतीसला कुणीतरी पट्टी घेऊन रेषा ओलांडली."

ती फेरी मी चहा आणायला गेलो तेव्हाची. त्या दिवसातली ती सगळ्यांत संथ फेरी होती असं पंचांनी नंतर सांगितलं, आणि ते हसले नाहीत हा त्यांचा मोठेपणा.

सासऱ्यांनी हातमोजे काढले, एकात एक घातले. मग माझ्याकडे बघून अगदी सौम्यपणे म्हणाले, "मुलीचं ऐकलंत. ठीक आहे हो. तिचंही चूक नाही."

"नाही हो बाबा! मी खरंच विसरलो!"

"असू द्या."

माणसाला मूर्ख म्हटलेलं आवडत नाही. पण त्या क्षणी कुणीतरी मला ठार मूर्ख म्हणावं म्हणून मी जीव टाकत होतो, आणि कुणी म्हणेना. इतक्यात बायको चिखल तुडवत आली. आकडा तिने लांबूनच पाहिला होता. तिने मला बाजूला घेतलं.

"तुम्ही हे मुद्दाम केलंत?"

"देवाशपथ नाही. विसरलो."

"तुम्ही? टाचणी बाहेर गेली तरी नोंद करणारे तुम्ही?"

मी तिला यादी दाखवली. तिने ती पावसात उभं राहून वरपासून खालपर्यंत वाचली. मग तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर ती तिसरीच्या वर्गातल्या एकाच मुलासाठी राखून ठेवत असावी. तिचा माझ्यावर विश्वास बसला. मला बरं वाटलं.

आणि मग ती वळून थेट पंचांकडे गेली. मला वाटलं, आभार मानायला.

"दोन ते तीनमधे माझ्या वडिलांनी चौदा फेऱ्या मारल्यात," ती म्हणाली. "चौदा आणि सहासष्ट, ऐंशी. 'पूर्ण' लिहा."

"मॅडम, यंत्रात..."

"यंत्र राहू द्या. हे बघा." तिने पर्समधून शाळेची छोटी डायरी काढली. दोन वाजून पाच मिनिटं, हजर. दोन वाजून नऊ, हजर. अशा चौदा ओळी, वेळेसकट. आठव्या ओळीपाशी कागद फाटला होता. तिथे सासरे वळणावर जरा हेलकावले होते आणि पेन कागदातून आरपार गेलं होतं. वळणाशी उभी राहून ती तासभर बापाची हजेरी घेत होती.

पंचांनी डायरी काळजीपूर्वक पाहिली. "नातेवाइकांची मोजणी धरता येत नाही हो. तुम्ही त्यांच्याच बाजूच्या."

"मी त्यांच्या बाजूची नाहीये!" बायको कडाडली. "मी विरुद्ध पार्टीची आहे! हे हरावेत म्हणून मी आलेय, यांना विचारा!" आणि तिने माझ्याकडे बोट केलं. मी मान हलवली. "हरावेत असं वाटत असताना चौदा मोजल्यात मी. कमी नाही, जास्त नाही. याहून खरा साक्षीदार तुम्हाला कुठे मिळणार?"

दंतवैद्य म्हणाले की मी विसरलो याची ते लेखी साक्ष द्यायला तयार आहेत. मीही तिथेच कागद मागून लिहून दिलं की, मी खाली सही करणार, माझ्या निव्वळ गाफीलपणामुळे पट्टी माझ्याकडे राहिली व त्यात माझ्या सासऱ्यांचा काहीही दोष नाही. पंचांनी तो कागद घेतला, वाचला, त्यावर आवक क्रमांक टाकला. मग खिन्नपणे म्हणाले, "तुमचं खरं असणार. पण नियमात तशी सोय नाही." आणि मला त्या माणसावर रागावताही येईना. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

निकालाचा कागद आला. सदुसष्ट फेऱ्या. अपूर्ण.

सासऱ्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. गाडीची किल्ली काढली, रुमालाने दोन्ही बाजूंनी कोरडी केली आणि बायकोच्या हातावर ठेवली.

"ठरल्याप्रमाणे," ते म्हणाले.

"बाबा, चौदा झाल्यात."

"कागदावर नाहीत ना."

"माझ्याकडे आहेत." बायको किल्लीकडे बघत होती. "चौदाही वेळा वाटलं, आता पडणार. आणि चौदाही वेळा तुम्ही सरळ निघून गेलात. इतकी माणसं घसरली, तुम्ही नाही."

"मग काय करू म्हणतेस?"

सासऱ्यांच्या भुवईवरून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग बायको गाडीपाशी गेली आणि तिने किल्ली जागच्या जागी लावली. माझं हेल्मेट माझ्या हातून घेतलं, डोक्यावर चढवलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

"मला भीती वाटते ती वाटणारच, बाबा. ती माझी मी बघेन," ती म्हणाली. "तुम्ही रस्ता बघा. मला घरी सोडा."

सासरे तिच्या पुढे बसले. बसताना त्यांचा पाय जरा अडखळला, तेव्हा बायकोने पटकन दोन्ही पाय जमिनीवर रोवून गाडी सावरली आणि कुणाला काही कळलंच नाही असं दाखवलं.

"हळू जा हं," ती म्हणाली.

"अजून सुरू केलेली नाही," सासरे म्हणाले, आणि त्यांनी किक मारली.

"अहो, आणि मी?" मी मागून ओरडलो. पण तोवर तिने त्यांच्या कमरेला घट्ट मिठी मारली होती आणि कपाळ त्यांच्या ओल्या पाठीला टेकवलं होतं. रस्ता कुठे जातोय ते ती बघतच नव्हती.